राइशवेअरची 'डिव्हिजन': तुकडी की विभाग?

प्रश्न असा आहे: दोन महायुद्धांमधल्या जर्मन सैन्याबद्दल मराठीत लिहिताना 'इन्फन्ट्री डिव्हिजन'ला पायदळ तुकडी म्हणावे की पायदळ विभाग?

माझ्या मते दोन्ही नकोत. 'डिव्हिजन'च म्हणावे.

'तुकडी'ची अडचण आकाराची आहे. गस्तीला निघालेले दहा शिपाई हीसुद्धा तुकडीच. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाचे सैन्य ठेवू दिले. त्यात पायदळाच्या जास्तीत जास्त सात डिव्हिजन आणि घोडदळाच्या तीन. पायदळाच्या एका डिव्हिजनची कमाल मर्यादाही तहातच लिहिलेली होती: ४१० अधिकारी आणि १०,८३० सैनिक. तीन रेजिमेंट आणि सोबत तोफखाना एवढा पसारा 'तुकडी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येत नाही. जुन्या मराठीतला 'कंपू' अर्थाने बराच जवळ जातो. महादजी शिंद्यांसाठी द ब्वान्य या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कंपूत पलटणी आणि तोफा एकत्र असत. पण आज कंपू म्हणजे टोळके, त्यामुळे तो शब्द आता या कामाचा राहिला नाही.

'विभाग' तर या काळापुरता थेट चुकीच्या वाटेला नेतो. राइशवेअरने, म्हणजे वायमार प्रजासत्ताकाच्या (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीच्या) सैन्याने, देशाचे सात 'वेअरक्राइस' पाडले होते. कोनिग्सबर्ग, स्टेटिन, बर्लिन, ड्रेस्डेन, स्टुटगार्ट, म्युन्स्टर आणि म्युनिक ही त्यांची मुख्यालये. वेअरक्राइस हा प्रदेश आणि डिव्हिजन हे सैन्य. पण दोघांचा क्रमांक एक आणि सेनापतीही एकच. 'लष्करी विभाग' हा शब्द वेअरक्राइसलाच शोभतो. तोच डिव्हिजनलाही दिला, तर १९२३ सालची म्युनिकची हकिगत मराठीत सांगताच येणार नाही.

त्या वर्षी म्युनिकचा ७ वा वेअरक्राइस आणि ७ वी डिव्हिजन ही दोन्ही पदे जनरल फॉन लॉसो सांभाळत होते. नाझी मुखपत्रावर बंदी घालण्याचा बर्लिनचा हुकूम त्यांनी पाळला नाही, म्हणून बर्लिनने त्यांना बडतर्फ केले. बव्हेरियाच्या सरकारने मात्र त्यांना पदावर ठेवले आणि ऑक्टोबरमध्ये ७ व्या डिव्हिजनकडून बव्हेरियाशी निष्ठेची शपथ घेतली. शपथ घेतली ती माणसांनी, प्रदेशाने नव्हे. पुढे ८ नोव्हेंबरच्या रात्री, हिटलरच्या फसलेल्या उठावात, त्याचा साथीदार एर्न्स्ट र्‍योमच्या माणसांनी वेअरक्राइसची कचेरी बळकावली, आणि दुसऱ्या दिवशी तिला वेढा घालणाऱ्यांत याच डिव्हिजनचे सैनिक होते. इथे दोन्हीकडे 'विभाग' लिहून पाहा: विभागाने विभागालाच वेढा घातला असे होईल!

राहिला 'पायदळ' हा शब्द. वर्णन म्हणून तो कुठेही चालेल, नावात मात्र जपून वापरावा. राइशवेअरच्या डिव्हिजनचे अधिकृत नाव नुसते '७ वी (बव्हेरियन) डिव्हिजन' होते. ऑक्टोबर १९३४ मध्ये सातांच्या एकवीस डिव्हिजन झाल्या. पण तहभंग झाकायचा होता, म्हणून त्यांना टोपणनावे दिली गेली. म्युनिकची नवी डिव्हिजन कागदोपत्री 'आर्टिलरीफ्यूरर ७' होती, तर न्यूर्नबर्गची 'न्यूर्नबर्गचा कमांडंट'. पहिल्या नावाचे 'तोफखानाप्रमुख' असे भाषांतर केले तर वाचकाला तो एखादा अधिकारी वाटेल. मूळ नाव ठेवून पुढे खुलासा द्यावा. मार्च १९३५ मध्ये सक्तीची भरती जाहीर झाली आणि ऑक्टोबरात टोपणनावे गेली. तेव्हा पहिली '७ वी पायदळ डिव्हिजन' झाली, दुसरी '१७ वी'. जुनी ७ वी आणि नवी ७ वी पायदळ यांतला फरक वाचकाला त्या एका शब्दावरून कळतो, म्हणून १९३४ आधीच्या नावात तो घालू नये.