पाण्याखालचे गाव आणि जुना नकाशा

प्रश्न : आमचे मूळ गाव उजनी धरणात गेले. करमाळ्याकडच्या आत्याकडे आपण बैलगाडीने नदी ओलांडून जात असू, असे आजी सांगते. ती वाट जुन्या नकाशावर सापडेल का? आमची जमीन कोठे होती, हेही त्यावरून ठरेल का?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : जमिनीचे आधी सांगतो : ठरणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावर शेतांच्या हद्दी व सर्व्हे नंबर नसतात. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या गावनकाशाची नक्कल मागावी.

वाटेची गोष्ट वेगळी. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्यापूर्वीचे, मैलाला एक इंच (१:६३,३६०) प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशाचे पत्रक मिळवावे; आपला परिसर ४७ क्रमांकाच्या मालिकेत येतो. समासात सर्वेक्षणाचे वर्ष पाहावे, छपाईचे नव्हे, कारण या दोहोंत पुष्कळदा बरेच अंतर असते. गावांची नावे इंग्रजी कानांनी टिपलेली असल्याने ती मोठ्याने वाचली तरच ओळखू येतात. दोन्ही काठांवरच्या गाडीवाटा भीमेच्या पात्रापाशी समोरासमोर येत असतील, तर तेथे उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, असण्याची शक्यता मोठी. आजींची बैलगाडी तेथूनच पार होत असावी. आज जलाशयाचा काठ म्हणजे तालुक्याचे टोक वाटते, पण या वाटा पाहिल्या की इंदापूर-करमाळ्याच्या सोयरिकी कशा जुळत असतील ते ध्यानात येते.

जलाशयाची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे सुमारे १,६३० फूट आहे. जुन्या पत्रकावर उंची फुटांत असते, म्हणून १,६०० आणि १,६५० फुटांच्या समोच्च रेषांमधून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधून) पेन्सिल फिरवली, की आजचा काठ ढोबळमानाने उमटतो आणि कोणती वस्ती, कोणती विहीर आत गेली ते दिसते. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरल्यावर उघडे पडते; जुना नकाशा आजच्या जागेशी जुळवण्यासाठी ती चांगली खूण आहे. दिक्सळजवळ मात्र फसू नये : जुन्या नकाशातला रेल्वेमार्ग धरणामुळे हलवला गेला.

ओसाड गावाची खूण दिसल्यास तो दोष धरणाच्या माथी मारू नये. ते गाव सर्वेक्षणापूर्वीच उठलेले असते. शेवटी पत्रकाची मोठी प्रत काढून आजींपुढे ठेवावी, आणि आपला तर्क न सांगता, गाडी कोणत्या देवळावरून वळत असे, एवढेच विचारावे.