वाचक विचारतात : जुन्या स्कीला घरीच रंग मारू का?

प्रश्न : नमस्कार, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. माझा भाऊ जर्मनीत होता, परत येताना स्कीची, म्हणजे बर्फावरून घसरायला पायात घालतात त्या लांब पट्ट्यांची, जोडी घेऊन आला आणि ती दहाएक वर्षं माळ्यावर पडून होती. आता फेब्रुवारीत आमचं गुलमर्गला जायचं ठरलंय. जोडी मजबूत वाटते पण वरचा केशरी रंग पार उडालाय, ओरखडे पण लई आहेत, मला ती गडद निळी करायची आहे. भाऊ म्हणतो ऑइल पेंट मार आणि मोकळी हो. घरी जमेल का?

उत्तर : ताई, जमेल की, पण ऑइल पेंट तेवढा नको. ब्रशनं मारलेला ऑइल पेंट जाड बसतो आणि स्की बर्फावर सारखी वाकत असते, त्यामुळं जाड रंगाला बारीक तडे जातात आणि मग खपल्या निघतात. वरचा थर असतो प्लास्टिकचा, नायलॉन नाहीतर एबीएस, त्याच्याखाली फायबर ग्लास, मधे बहुतेक लाकूड, आणि हे सगळं इपॉक्सीनं चिकटवलेलं. म्हणजे काम गाडीचा बंपर रंगवण्यासारखं आहे असं धरून चला.

रंग आणायच्या आधी एक रुपयाचं नाणं घ्या आणि स्की टोकापासून शेपटापर्यंत टकटक वाजवत जा. सगळीकडं आवाज सारखा टणक आला तर ठीक, मधेच कुठं बद्द आला किंवा कडेला नख आत जाईल एवढी फट दिसली तर आतले थर सुटलेत. तिथं आधी इपॉक्सी भरून, क्लॅम्प लावून ते चिकटवायला पाहिजे, वरून रंग मारला तर फट फक्त झाकली जाईल आणि ती पुढं वाढत राहील. दुसरं म्हणजे स्कीवर मधोमध बुटाच्या मध्याची एक बारीक रेघ छापलेली असते, शिवाय लांबीचे आकडे असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा कारण पुढं कधी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायची कळ, बसवायचं झालं तर कारागीर तीच रेघ शोधतो.

आता घासणं, सगळा जीव यातच आहे. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळली की आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं ठेवू नका कारण एबीएस त्यानं मऊ पडतं. मग ३२० नंबरचा पाणी पेपर आणि शेवटी ४०० चा, पाणी टाकत हलक्या हातानं, फक्त चकाकी जाईपर्यंत. खालचे फायबरचे धागे दिसायला लागले तर लगेच थांबा, ती धूळ अंगाला खाजते आणि छातीलाही वाईट. घासून झालं की वरून स्वच्छ पाणी ओता आणि बघा. पाण्याचा सलग पातळ पडदा पसरला तर समजायचं काम झालं, थेंब थेंब गोळा झाले तर तिथं अजून मेण किंवा तेल आहे, परत अल्कोहोल, परत पेपर. स्कीला मेण लावतात ना, ते वरच्या बाजूलाही लागलेलं असतं आणि त्याच्यावर कुठलाच रंग धरत नाही.

स्टीलच्या कडा आणि बाइंडिंग मास्किंग टेपनं नीट झाकून घ्या. मग बंपरला वापरतात तो प्लास्टिक प्रायमर, शिवाजी उद्यमनगरातल्या पेंटिंगवाल्यांना विचारलं तर ते सांगतील, त्याचा एक पातळ हात, त्यावर निळ्या स्प्रेचे तीन-चार अगदी पातळ हात, दोन हातांच्या मधे डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ द्यायचाच. मी एकदा मित्राची जोडी ऐन जुलैत रंगवायला घेतली होती, बाहेर धो धो पाऊस, आणि वरचा लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, दुधासारखा पांढरट पडला, सगळा घासून काढून पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा दिवाळीनंतरची कोरडी हवा पकडा, दुपारी गच्चीवर सावलीत करा. हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक क्लिअर कोट मात्र घरी मारू नका, त्यातल्या आयसोसायनेट या छातीला घातक रसायनाला साधा मास्क पुरत नाही, तेवढं गॅरेजमधून करून घ्या. नंतर आठवडाभर जोडी हलवू नका. गडद रंग उन्हात तापतो, वर पडलेलं बर्फ वितळतं आणि सावलीत परत गोठून चिकटतं, स्की घालून डोंगर चढणाऱ्याला त्याचं ओझं होतं, पण तुम्ही गोंडोलानं, म्हणजे तिथल्या रोपवेनं, वर जाऊन खाली येणार असाल तर निळ्यानं काही अडत नाही.

आणि ताई, एक कळकळीनं सांगतो, बाइंडिंगला रंग लावू नका आणि एवढ्या वर्षांनी ते तपासल्याशिवाय पाय घालू नका. पडताना बूट सोडवून गुडघा वाचवायचं काम ते करतं, आणि जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं. गुलमर्गला जाणकाराकडून तपासून, वजनाप्रमाणं सेट करून घ्या, तो नको म्हणाला तर भाड्यानं जोडी घ्या, आणि तुमची निळी जोडी हॉलच्या भिंतीवर लावा.

प्रश्न : माझ्या स्कीचा तळ पांढरट पडलाय, त्याला काळा रंग मारला तर चालेल का? (शाहूपुरी)

उत्तर : नाही दादा, अजिबात नको. तळ पॉलिइथिलीनचा असतो, गच्चीवरची पाण्याची टाकी असते त्याच जातीचं प्लास्टिक, टाकीवर रंग मारून बघा, नखानं सोलून निघतो. पांढरट पडला म्हणजे तळ कोरडा पडलाय, त्याला मेण पाहिजे. एखादी जुनी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री घ्या, स्कीचं मेण तिच्यावर धरून तळावर थेंब पाडा आणि इस्त्री सतत सरकवत ते पसरवा, मेणाचा धूर निघाला तर इस्त्री जास्त तापलीय. एका जागी थांबलात तर तळ जळतो. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीनं वरचं मेण खरवडून काढा. वरची बाजू रंगवायची असेल तर आधी रंग, मग हे मेणाचं काम.