गिरनार उतरायची तयारी कर

पोरी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. ‘काकू, जानेवारीत गिरनार करणार. दहा हजार पायऱ्या, चार तासांत वर!’ फार बरं वाटलं. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या मुलीनं आपणहून असा पण करावा, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण खाली किती वेळात येणार, ते तू लिहिलंच नाहीस. हे पत्र त्यासाठीच.

मी २०१२ साली पहिल्यांदा गुजरातेत जुनागढच्या या गिरनारवर गेले तेव्हा मलाही तो प्रश्न पडला नव्हता. रोज पुण्यातली पर्वती टेकडी चढणारी बाई, दम भरपूर होता. पहाटे तीनला भवनाथ तळेटीहून, म्हणजे पायथ्याहून निघालो, ‘जय गिरनारी’ म्हणत झपाझप चढले, शेवटच्या दत्तशिखरावर दत्ताच्या पादुकांचं दर्शन झालं, डोळे भरून आले. परत येताना जैन देरासरांच्या, म्हणजे मंदिरांच्या, खाली कुठेतरी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. पाय टेकला की गुडघा आपोआप वाकायचा, सावरताच यायचा नाही. कठड्याला धरून खाली बसले. अजून तीन हजारांवर पायऱ्या उरल्या होत्या आणि मला तीन उतरवत नव्हत्या. तेवढ्यात एक नऊवारीतली आजी आली, परभणीकडची. सत्तरी सहज ओलांडलेली. ती अंग तिरकं करून, एक पाय खाली टेकवून दुसरा त्याच्या शेजारी आणायची, मग पुढची पायरी. हातात काठी. माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, ‘बाई, आडवी उतर. समोर बघून उतरलीस तर डोंगर ढकलतो.’ तिच्या मागोमाग तशीच उतरले. तळेटीला पोचायला दुपार झाली आणि पुढचे चार दिवस घरातला जिना धरून धरून उतरत होते.

असं का होतं ते समजून घे, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि तुला वर उचलतो. छाती भरते, घाम येतो, पण स्नायूला त्या मानानं इजा कमी. उतरताना तोच स्नायू तुझं सगळं वजन धरून ठेवत लांबत जातो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात दम लागत नाही म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं, पण स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत असते. दुखणं त्या दिवशी कमीच असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. यात एक चांगली गोष्टही आहे. एकदा उतरणीचा मार बसला की स्नायू शहाणा होतो. पुढच्या वेळी तेवढ्याच उतरणीनं तेवढा दुखत नाही, आणि हा शहाणपणा काही आठवडे टिकतो. तुझी सगळी तयारी यावरच उभी करायची आहे.

आता तू काय करतेस ते मी पाहिलं आहे. सोसायटीत अकरा मजले जिन्यानं चढतेस आणि खाली लिफ्टनं येतेस. सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेनं चढतेस आणि खाली जीपनं. दोन्हीकडे नेमकी गिरनारला लागणारी तालीम तू सोडून देते आहेस. आजपासून उलट कर. घाई असेल त्या दिवशी लिफ्टनं वर जा आणि जिन्यानं खाली ये.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या रुंद आणि बुटक्या, एकेका पायरीवर दोन पावलं पडतात. दहा फेऱ्या केल्यास तर हजारावर पायऱ्या होतात, दम तयार व्हायला उत्तम. पण गिरनारच्या पायऱ्या अशा ऐसपैस नाहीत. कुठे उंच, कुठे बुटकी, कुठे दगड झिजून गुळगुळीत झालेला. म्हणून आठवड्यातले दोन दिवस पर्वती, दोन दिवस सोसायटीचा जिना, आणि एक आड एक रविवारी सिंहगड. सिंहगड चढून-उतरून, दोन्ही पायी. तिथे साधारण सहाशे मीटर उंची चढावी लागते, म्हणजे पुण्याजवळ याहून चांगली शाळा नाही. शेवटचा मोठा सिंहगड निघण्याच्या दोन आठवडे आधी. आदल्या आठवड्यात केलास तर दुखऱ्या मांड्या घेऊन जुनागढला उतरशील.

घरी बैठका काढ. तालमीतल्या पोरांसारख्या धडाधड नकोत. खाली जाताना मनात पाच आकडे मोज, वर येताना एकच. पंधरा झाल्या की थांब. शिवाय जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एका पायानं उभी राहा आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला लाव, गुडघा आत वळू न देता. हा एक व्यायाम मला कुणी २०१२ च्या आधी सांगितला असता तर! दोन्ही मांड्या सारख्या दुखल्या तर काळजी करू नकोस. एकाच गुडघ्यात बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ आली किंवा सूज आली, तर मात्र थांब आणि डॉक्टरांना दाखव. आणि तुझ्या बाबांना हृदयाचा त्रास झाला होता, तेव्हा तूही आधी एकदा तपासून घे. हे मी आग्रहानं सांगते आहे.

प्रत्यक्ष गिरनारवर पहिल्या दोन हजार पायऱ्या जपून चढ. रात्रीचा गारवा असतो, अंगात जोर असतो, माणूस तिथेच उधळतो. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेव. घड्याळातले आकडे त्या वेळी बघू नकोस. पायऱ्यांवर मधूनमधून आकडे रंगवलेले आहेत, तेवढे पुरेत. पाच हजारांच्या आसपास अंबाजीचं मंदिर येतं. ऑक्टोबर २०२० पासून तिथपर्यंत रोपवे झाला आहे. अंबाजीनंतर गोरखनाथाचं शिखर, गुजरातमधलं सगळ्यात उंच. आणि तिथे खरी परीक्षा आहे. दत्तशिखर समोर दिसतं, पण त्यासाठी आधी बरंच खाली उतरावं लागतं, मग पुन्हा उभा चढ. परत येताना तीच उतरण चढण होते. म्हणजे पादुकांवर डोकं ठेवलंस तेव्हा तुझे चार तास भरलेले असतील, पण चढणं संपलेलं नसेल. त्या वेळेपर्यंत निम्मी ताकद शिल्लक पाहिजे, हा हिशेब घरूनच करून जा.

तिकडे दर हिवाळ्यात राज्य पातळीची स्पर्धा होते. पुरुष अंबाजीपर्यंत ५,५०० पायऱ्या, मुली वाटेतल्या माळी परब या टप्प्यापर्यंत २,२०० पायऱ्या. तिचं नावच आरोहण-अवरोहण, म्हणजे चढण्या-उतरण्याची स्पर्धा. घड्याळ थांबतं ते खाली परत आल्यावर. वेळेचा पण तुला ठेवायचाच असेल तर तळेटी ते तळेटी असा ठेव, आणि त्यासाठी चार नाही, आठ-नऊ तास धर.

उतरताना डोलीवाल्यांचे पाय बघ. खांद्यावर माणूस असतो, तरी पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, आणि सरळ खाली न येता पायरीच्या या कडेहून त्या कडेला तिरके जातात. उडी कधीच मारत नाहीत. काठी पायथ्याच्या दुकानांत मिळते, लाजू नकोस, घे. ती चढण्यापेक्षा उतरताना कामाची. बूट जुने, पायात बसलेले. उतरण सुरू झाली की घोट्याजवळची नाडी घट्ट बांध, नाहीतर बोटं पुढे जाऊन आपटतात आणि नखं काळी पडतात. पाण्यात थोडं मीठ-साखर-लिंबू घाल, घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर उलट मळमळतं. पायऱ्या सोडून जंगलात शिरू नकोस, ते सिंह-बिबट्यांचं अभयारण्य आहे.

आणि उतरताना माझ्यासारख्या मांड्या थरथरायला लागल्या, तर अंबाजीहून रोपवेनं खाली ये. पादुकांचं दर्शन त्यानं कमी होत नाही. फक्त जोराचा वारा असला की तो बंद ठेवतात, तेव्हा त्याच्या भरवशावर वर जाऊ नकोस. मी त्यानंतर तीनदा गेले, तिन्ही वेळा पायी उतरले, आणि गेल्या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथला समुद्रावर चालत फिरले. ती आजी मात्र पुन्हा कधी दिसली नाही. दर वेळी देरासरांच्या खाली आले की मी आजूबाजूला बघते.

शनिवारी सकाळी साडेपाचला पर्वतीच्या पायथ्याशी ये. नखं कापून ये, जुने बूट घालून ये. चढताना तू तुझ्या वेगानं जा, मी वाट बघत नाही. उतरताना मी तुझ्या मागे दोन पायऱ्यांवर असेन.

तुझी,
काकू