विधानसभेला सभापती का नाही?

प्रश्न असा आला आहे: ‘विधानसभेच्या नावातच सभा आहे, तरी तिथे अध्यक्ष. परिषदेच्या नावात सभा नाही, तर तिथे सभापती. हे उलटं नाही का? शिवाय आमच्या पंचायत समितीलाही सभापतीच. मग सभापती मोठा की अध्यक्ष?’

उलटं आहे खरं. शब्दांची फोड करून उत्तर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. सभापती हा शब्द फार जुना. रुद्रात ‘नमः सभाभ्यः सभापतिभ्यश्च’ असं येतं, म्हणजे अभिषेकाच्या वेळी आपण सगळ्या सभापतींना नमस्कार करून मोकळे होतो. अध्यक्ष म्हणजे देखरेख करणारा. कौटिल्याकडे तर अध्यक्षांची रांगच आहे: शेतीवर सीताध्यक्ष, जकातीवर शुल्काध्यक्ष, दारूवर सुराध्यक्ष. सगळे खातेप्रमुख, कुणाची भाषणं आवरायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. व्युत्पत्तीच धरायची तर दोन्ही सभागृहांना सभापतीच शोभला असता.

पण इथे व्युत्पत्तीपेक्षा वाटणी महत्त्वाची. 1935च्या भारत सरकार कायद्यानुसार 1937 साली मुंबई प्रांतात दोन सभागृहं आली. विधानसभेचे स्पीकर झाले गणेश वासुदेव मावळणकर, परिषदेचे प्रेसिडेंट झाले मंगलदास पक्वासा. पुढे राज्यघटनेत प्रेसिडेंट हे नाव राष्ट्रपतींकडे गेलं आणि वरिष्ठ सभागृहाच्या प्रमुखाला इंग्रजीत चेअरमन म्हणू लागले. आपल्याकडे स्पीकरला अध्यक्ष आणि चेअरमनला सभापती असे शब्द पक्के झाले. म्हणून लोकसभा-विधानसभेला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, राज्यसभा-विधान परिषदेला सभापती आणि उपसभापती.

‘विधान परिषदेचे अध्यक्ष’ असं बातमीत छापून आलं की मला ती तपशिलाची चूक वाटते, शैलीची नव्हे. अधिकारच वेगळे आहेत. एखादं विधेयक धनविधेयक (म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं) आहे की नाही, याचा अंतिम निर्णय अध्यक्षांचा. सभापतींना त्यात हात घालता येत नाही. पक्षांतराच्या तक्रारी मात्र ज्या त्या सभागृहाचा प्रमुख ऐकतो.

पद रिकामं कसं होतं, तेही वेगळं. विधानसभा विसर्जित झाली तरी अध्यक्ष लगेच जात नाहीत. नव्या विधानसभेची पहिली बैठक भरेपर्यंत ते पदावर असतात. विधान परिषद विसर्जित होतच नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यात सभापतींची मुदत संपली की आमदारकीबरोबर पदही जातं. जुलै 2022 मध्ये रामराजे नाईक निंबाळकर यांचं तसंच झालं. आमदार म्हणून ते पुन्हा निवडून आले होते, सभापतिपद मात्र सुटलं. ती खुर्ची 19 डिसेंबर 2024ला राम शिंदे बिनविरोध निवडून येईपर्यंत रिकामी होती आणि कामकाज पाहत होत्या उपसभापती नीलम गोऱ्हे.

अशा वेळी सभागृहाच्या छापील कार्यवाहीत ‘सभापतीस्थानी माननीय उपसभापती’ अशी ओळ येते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती छपाईची गफलत वाटावी! पण स्थान म्हणजे आसन. त्यावर उपसभापती असोत, नाहीतर तालिका सभापती, बोलणारा सुरुवात ‘सभापती महोदय’ किंवा ‘महोदया’ अशीच करतो. संबोधन आसनाला असतं. (तालिका म्हणजे यादी. दोघंही नसताना आसनावर बसायला ज्या सदस्यांची नावं काढून ठेवलेली असतात, ते तालिका सभापती. विधानसभेत तालिका अध्यक्ष.) लोकसभेत आणखी गंमत आहे. अध्यक्ष उठले आणि तालिकेवरचे सदस्य येऊन बसले की हिंदीत बोलणारा खासदार ‘अध्यक्ष महोदय’ सोडून ‘सभापति महोदय’ म्हणू लागतो. म्हणजे तुम्हाला हवा असलेला सभेचा सभापती तिथे दुपारच्या कंटाळवाण्या चर्चेत भेटतो.

आता मोठं कोण? ते शब्दावरून ठरत नाही. जिल्हा परिषदेत अध्यक्ष वर आणि विषय समित्यांचे सभापती खाली. गावाकडे सभापती म्हटलं की बाजार समितीच आठवते. दिल्लीत मात्र राज्यसभेचे सभापती म्हणजे खुद्द उपराष्ट्रपती. राजशिष्टाचाराच्या यादीत ते दुसरे, लोकसभा अध्यक्ष सहावे. त्यांना पगारही उपराष्ट्रपती म्हणून मिळत नाही, सभापती म्हणून मिळतो. पण ते राज्यसभेचे सदस्य नसतात, मतं समसमान पडली तरच त्यांना मत देता येतं. आपल्या विधान परिषदेचा सभापती सदस्यांमधूनच निवडतात, आणि सदस्यच त्याला काढूही शकतात; मार्च 2015 मध्ये शिवाजीराव देशमुखांना तसं जावं लागलं. त्याउलट वि. स. पागे 1960 पासून 1978 पर्यंत त्या आसनावर होते. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून लोक त्यांना जास्त ओळखतात.

लिहिताना एक जपा. मराठीत सुटा शब्द ‘सभापती’, शेवटची वेलांटी दीर्घ. समासात मात्र ‘सभापतिपद’, ‘सभापतिस्थानी’ अशी ऱ्हस्व. वर दिलेल्या कार्यवाहीच्या ओळीत ती दीर्घ छापतात, पण तिचं अनुकरण नको. आणि बाई पदावर असल्या तरी शब्द बदलायचं कारण नाही. इथला ‘पती’ नवरा नव्हे, स्वामी या अर्थाचा आहे. प्रतिभा पाटील 1986 ते 1988 या काळात राज्यसभेच्या उपसभापती होत्या. 2007 मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘आता काय म्हणायचं’ यावर पुष्कळ खल झाला, आणि शब्द शेवटी होता तोच राहिला.