बँकॉकला गाडीवर खायचं का, आणि खायचं तर कसं

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत पाच दिवस बँकॉकला जाताय, मुक्काम प्रतुनामला, सोबत पूर्ण शाकाहारी आई आणि नऊ वर्षांची मुलगी. टूरवाला म्हणतो रस्त्यावरचं काही खाऊ नका, दोन्ही वेळ इंडियन बुफे आहे. आणि तुम्हाला हवंय ते एवढंच: अस्सल थाई चवीची गाडी कुठली?

नवऱ्याच्या नोकरीपायी मी बँकॉकला सहा वर्षं काढली, सफान ख्वाय भागातल्या एका गल्लीत. पहिलं वर्षभर मीही हेच विचारत फिरले. मग लक्षात आलं की तिथे ‘कुठली गाडी’पेक्षा ‘किती वाजता’ हे जास्त कामाचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जेमतेम एका गाडीपुरती जागा होती. सकाळी सहाला तिथे काड्यांवर मांस भाजणारी बाई यायची. ती नऊला गेली की अकराला सोम तमवाली, म्हणजे कच्च्या पपईची तिखट-आंबट कोशिंबीर करणारी. चारच्या सुमाराला केळी तळणारे काका, आणि दिवेलागणीनंतर नूडल्सवाला. प्रत्येकाकडे एकच पदार्थ, तो संपला की गाडी घरी. गाडीला थाई भाषेत ‘रोत खेन’ म्हणतात. रोत म्हणजे संस्कृतातून तिकडे गेलेला आपला रथच, आणि खेन म्हणजे ढकलणं. तेव्हा रथ किती वाजता येतो ते हॉटेलखालच्या सिक्युरिटीवाल्याला विचारा. तो स्वतः तिथेच जेवत असतो.

आधी पोटाचं बोलू, कारण खरी भीती ती आहे. सहा वर्षांत माझं पोट दोनदा जोरात बिघडलं. एकदा एका पॉश हॉटेलच्या बुफेमुळे, तासन्‌तास मांडून ठेवलेल्या कोळंबीने. दुसऱ्यांदा दोष माझाच: दुपारी साडेतीनला, एकही गिऱ्हाईक नसलेल्या गाडीवर, कच्च्या खारवलेल्या खेकड्याचं सोम तम. दोन दिवस आडवी होते. तेव्हापासून मी पाट्या वाचत नाही, रांग बघते. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेली माणसं ज्या गाडीपाशी उभी असतात तिथे माल पडून राहत नाही. समोर शिजलेलं आणि हाताला चटका देणारं खा. बर्फ नळकांड्यासारखा, मधे भोक असलेला असेल तर तो कारखान्यातला, पिण्याच्या पाण्याचा; खुशाल घ्या. लादी फोडून केलेला चुरा दिसला तर बिनबर्फाचं मागा. मुलीला कच्चा खेकडा आणि कच्चे शिंपले देऊ नका. बाकी फार घाबरू नका.

आता मागायचं कसं ते सांगते, कारण गाडीवरचं थाई जेवण निम्मं बोलण्यातच शिजतं. शब्द आपल्याला फार सोपे जातात. कोंबडी म्हणजे ‘काय’. अंडं म्हणजे ‘खाय’. ‘माय साय’ म्हणजे ‘घालू नका’. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं, ‘काय खाणार?’ तर गाडीवाली कोंबडी कापायला लागली. डुक्कर ‘मू’, कोळंबी ‘कुंग’, मासा ‘प्ला’, गाय ‘नुआ’. गायीचं मांस टाळायचं असेल तर एक दिलासा: क्वान इम या चिनी देवीला मानणारी पुष्कळ थाई-चिनी घरं ते खात नाहीत, त्यामुळे बऱ्याच गाड्यांवर ते नसतंच. डुक्कर मात्र सगळीकडे. तेही नको असेल तर हिरवी हलाल पाटी बघा. कोंबडी मिळेल, पण तिथे गायीचं मांस असू शकतं, म्हणून ‘काय’ असं स्पष्ट म्हणा. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’ आणि बायकांनी ‘खा’ लावायचं. आपल्या ‘हो’सारखं, बोलणं मऊ होतं. वयस्कर गाडीवालीला ‘पा’ म्हणा, म्हणजे मावशी. पुरुषाला ‘लुंग’, म्हणजे काका. आपण बाजारात मावशी-काका करतो तसंच, आणि परिणामही तसाच होतो.

सोम तमच्या गाडीपाशी पाच मिनिटं नुसती उभी राहा. मातीचं उंच उखळ, लाकडी मुसळ. आधी लसूण आणि मिरच्या, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, शेंगदाणे, सुकट, लिंबू, माशाचं पाणी म्हणजे ‘नाम प्ला’, आणि सगळ्यात शेवटी कच्च्या पपईचा लांब कीस. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात चमचा, तो खालून वर उलटत राहतो. तिला चटणी वाटायची नसते, कीस फक्त चेचायचा असतो म्हणजे रस आत शिरतो. म्हणून तर दगडी खलबत्ता नाही. उखळात मिरच्या टाकण्याआधी ती विचारेल, ‘फ्रिक की मेत?’ मिरच्या किती? इथे आमच्यासारख्यांचा अहंकार आडवा येतो. आपण रत्नागिरीचे, आपण तिखट खातो! पण आपलं तिखट तेलात परतलेलं असतं. ही मिरची लवंगीच्या वाणाची, कच्ची, आणि लिंबाच्या रसासकट येते. एक म्हणा, ‘नुंग’. मुलीसाठी ‘माय साय फ्रिक’. पदार्थ मूळचा ईसानचा, म्हणजे ईशान्य थायलंडचा, आणि हे नावही आपल्या ‘ईशान’वरूनच. ईसानी माणसं त्यात ‘प्ला रा’, आंबवलेल्या माशाचं काळं पाणी घालतात. वास सुक्या बाजारात शिरल्यासारखा. मला तेच आवडतं, पण सुरुवात तुम्ही ‘सोम तम थाय’ने करा, त्यात शेंगदाणे आणि सुकट असते, प्ला रा नसतं. सोबत चिकट भात घ्या, ‘खाव नियाव’. तो हाताने, गोळा करून खायचा. एरवी थाई लोक उजव्या हातातल्या चमच्याने खातात, डाव्या हातातला काटा नुसता भात लोटायला. काड्या फक्त नूडल्सना.

नूडल्सच्या गाडीवर बसलात की समोर चार वाट्यांचा संच येईल: साखर, लाल तिखट, मिरच्या घातलेलं व्हिनेगर, नाम प्ला. वाडगं तुमच्यापुढे आलं तरी ते अजून पुरं झालेलं नसतं. आधी नुसतं सूप चाखायचं, मग आपल्या जिभेप्रमाणे घालायचं. शेजारचा थाई माणूस साखरही घालेल. घालू द्या, तुम्हीही चिमूटभर घालून बघा. मी ‘अस्सल’ म्हणते ते याला. एकाच गाडीवर बसलेल्या चार माणसांच्या चार चवी, आणि चारही थाई. ‘बोट नूडल्स’ असं दिसलं तर एक ध्यानात ठेवा, ते दाट काळं सूप रक्त घालून केलेलं असतं. व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ ते चार घासांच्या लहान वाडग्यांत मिळतं आणि लोक रिकाम्या वाडग्यांची चळत रचतात.

भाताच्या गाड्यांवर ‘फत क्रपाव’ ऐकाल. मांसाचा खिमा, लसूण, मिरची आणि मूठभर क्रपावची पानं, वर कडा कुरकुरीत झालेलं अंडं. क्रपाव म्हणजे आपली तुळस, हो, वृंदावनातली. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा घास हातातच राहिला होता. तुमच्या आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर वासावरून ओळखतील. पण गवती चहा सूपमध्ये, गोकर्णाच्या फुलांचं निळं सरबत, नाळीची भाजी मोठ्या आचेवर लसणासकट, असली ओळखीची मंडळी भेटत राहतात, आणि कोकणातल्या माणसाला तर सुकटीच्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं.

तुम्ही प्रतुनामला आहात म्हणून एक दुकान सांगते, गाडी नाही. चौकाजवळ गुलाबी शर्ट घातलेल्या नोकरांचं कोंबडी-भाताचं दुकान आहे, कोणीही दाखवेल. पदार्थ ‘खाव मन काय’. हायनानच्या चिनी लोकांनी आणलेला: सावकाश उकडलेली कोंबडी, तिच्याच चरबीत आणि पाण्यात शिजवलेला भात, वाटीभर निवळ सूप, आणि आंबवलेल्या सोयाबीनची आलं-मिरची घातलेली चटणी. दिसायला आजाऱ्याचं पथ्य. सगळा जीव त्या चटणीत. अमेरिकेत पोर्टलंडला एका थाई बाईने २००९मध्ये गाडी काढली ती हा एकच पदार्थ विकायला, आणि तेवढ्यावर नाव कमावलं. मुलीला हा नक्की आवडेल, अजिबात तिखट नसतो.

आईंचं मात्र खरं सांगते: अवघड आहे. ‘मांस नको’ म्हटलं तरी नाम प्ला, ऑयस्टर सॉस आणि हाडांचं सूप यांना तिथे कोणी मांस समजत नाही. लबाडी नसते, आपण हिंग मोजत नाही तसंच ते. ‘मंगसविरत’ हा शब्द आहे, आपल्या ‘मांसविरती’चाच भाऊ, पण गाडीवर जास्त उपयोगी शब्द ‘चे’. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर, आपल्याला ते इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. तिथे मांस, मासा, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या आसपास ‘चे’चा मोठा उत्सव असतो, तेव्हा याओवारात या चायनाटाउनभर पिवळे झेंडे लागतात आणि शाकाहारी माणसाची चंगळ होते. जानेवारीत शोधावं लागेल. काही सोम तमवाल्या नाम प्लाऐवजी सोया सॉस घालून देतात, पण उखळ तेच असतं, नुसतं पुसलेलं. आईंना ते चालेल का हे त्यांनाच विचारा, परस्पर ठरवू नका. निर्धास्तपणे खाण्यासारखं म्हणजे फळांच्या गाडीवरची कैरी आणि पेरू, सोबत साखर-मीठ-तिखटाची पुडी. नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम. आणि ‘क्लुय खेक’, म्हणजे तांदळाच्या पिठात तीळ-खोबरं घालून तळलेली केळी. खेक म्हणजे पाहुणा, आणि भारतीय माणसालाही थाई लोक खेकच म्हणतात. केळ्याच्या भज्यांना भारतीय केळी म्हणतात म्हणा ना. रात्रीच्या गाडीवर रोटी मिळते, केळं आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली. त्यात सर्रास अंडं फोडतात, तेव्हा आधीच ‘माय साय खाय’. एक जेवण मात्र आईंना प्रतुनामच्या इंडियन हॉटेलातच द्या. पैसे भरलेच आहेत, आणि उपाशी माणसाला घेऊन गाड्या हिंडण्यात कोणालाच मजा येत नाही.

प्रसिद्ध जागांबद्दल थोडक्यात. याओवारातला संध्याकाळी सातनंतर. २०१९पासून वात मंगकोन हे मेट्रो स्टेशन अगदी जवळ झालंय. गर्दी फार, पण बघण्यासारखं. सोमवारी जाऊ नका. तो फुटपाथ धुण्याचा वार, पुष्कळ गाड्या बंद. दिवसा वांग लांगचा बाजार, नदी छोट्या बोटीने ओलांडून. हॉस्पिटलच्या लोकांचं जेवण तिथेच होतं, म्हणून ताजं आणि स्वस्त. खाओ सान या पर्यटकांच्या रस्त्यावर विंचू तळून ठेवलेले दिसतील, ते खाण्यापेक्षा फोटोसाठीच, आणि फोटोचेही पैसे घेतात. जे फायच्या खेकड्याच्या ऑम्लेटसाठी अर्धा दिवस रांगेत घालवावा का? डोळ्यांना गॉगल लावून कोळशावर रांधणारी ती आजी थोर आहे, पण ऑम्लेट हजार बाटच्या वर, आणि तुमच्याकडे पाचच दिवस. मी असते तर गेले नसते. गंमत अशी की २०१७मध्ये बँकॉक महापालिकेने फुटपाथवरच्या गाड्या हटवायचा चंग बांधला, आणि त्याच डिसेंबरात हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलिनने शहराच्या पहिल्याच गाइडमध्ये याच आजीला एक तारा दिला. याओवारात आणि खाओ सान तेव्हा ओरड झाल्यावर वाचले. बऱ्याच ठिकाणच्या साध्या गाड्या उठल्या त्या उठल्याच. तेव्हा कोणी जुन्या ब्लॉगवरून गाडीचा पत्ता दिला तर ती तिथे असेलच असं नाही.

पैसे सुटे ठेवा, २०, ५० आणि १०० बाटच्या नोटा. नूडल्सचं वाडगं ५० ते ७०, भाजलेली काडी १० ते १५. घासाघीस करू नका, खाण्याच्या गाडीवर ती करत नाहीत. भल्या पहाटे गेलात आणि तुमची नोट घेऊन मावशीने ती सगळ्या मालावरून टेकवत नेली तर दचकू नका. भवानी झाली तुमच्या हाताने.

आणि पहिल्या सकाळी बुफेला जाण्याआधी सातला खाली उतरा, ‘खनोम क्रोक’ शोधा. लोखंडी आप्पेपात्रच असतं ते, फक्त ताटाएवढं मोठं. खाली तांदळाच्या पिठाचा थर, वर नारळाचं घट्ट दूध, काहींवर मक्याचे दाणे, काहींवर कांद्याची पात. दोन अर्ध्या एकमेकींवर ठेवून देतात, डबा ३०-४० बाटला. आईही खातील, मुलगीही. फक्त मुलीला दोन मिनिटं थांबायला सांगा. कडा कुरकुरीत आणि गार लागतात, पण आत दूध उकळत असतं. पहिल्या दिवशी माझी जीभ भाजली होती आणि मावशी हसून म्हणाली होती, ‘रोन, रोन.’ म्हणजे गरम आहे गं.