लग्न मोडलं, पण कोणत्या कारणानं?

प्रश्न : कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ‘संगीत शारदा’तला 20 मिनिटांचा भाग करतोय. शेवटी म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न मोडतं, म्हणजे शारदेचा विजयच ना? आणि शारदा कायदा या नाटकावरूनच आला का?

उत्तर : कायद्याचं आधी उरकू. 1929च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा’ नाव पडलं ते त्याचं विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांमुळे. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक 1899चं.

विजयाचं मात्र तितकं सोपं नाही. भर मांडवात लग्न थांबतं ते वधू-वर सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे, निघाल्यामुळे. मुलगी नको म्हणते किंवा नवरदेव भुजंगनाथ पंचाहत्तरीचा आहे, यानं कुणी थांबत नाही. उद्या भुजंगनाथाचं गोत्र वेगळं निघालं असतं तर? देवलांची खरी धार इथे आहे, आणि संक्षेप करताना नेमका हाच प्रसंग कापला जातो. तो ठेवाच.

20 मिनिटांत तीन प्रवेश पुरेत: शारदेचा बाप कांचनभट आणि लग्नाचा दलाल भद्रेश्वर यांचा पैशांचा व्यवहार, मैत्रिणींची थट्टा, मांडव. पदं दोनच घ्या, एकेक कडवं. ‘म्हातारा इतुका न’वर हशा हमखास येतो, फसगत तिथेच होते, कारण प्रेक्षक पुढेही हसतच राहतात. म्हणून पद संपताच टाळ्यांसाठी थांबू नका, लगेच ‘मूर्तिमंत भीति उभी’ सुरू करा. भुजंगनाथाला खोकायला, लटपटायला लावू नका. तो विदूषक झाला की बापाचा सौदाही विनोदीच वाटतो.