तेले सांताना यांनी फुटबॉलचा वर्ल्ड कप कधीच जिंकला नाही, तरी ब्राझीलच्या थोर प्रशिक्षकांत त्यांचं नाव का घेतात?

कारण त्यांच्या संघांचा खेळ, आणि साओ पावलो क्लबमधली कामगिरी. दुसरी गोष्ट लोक विसरतात.

1971 मध्ये अ‍ॅटलेटिको मिनेरो या ब्राझीलच्या क्लबला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. मग ब्राझीलचे प्रशिक्षक म्हणून 1982 चा वर्ल्ड कप. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो अशी मधली फळी पुन्हा झाली नाही असं माझं ठाम मत आहे. इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. 2-2 झाल्यावरही संघ आक्रमण करत राहिला आणि पावलो रॉस्सीच्या तिसऱ्या गोलने 3-2 असा हरला. 1986 ला फ्रान्सकडून पेनल्टी शूटआउटमध्ये पराभव. तेव्हापासून ‘पनवती’ हा शिक्का त्यांच्या कपाळी बसला, आणि तो सरळसरळ अन्याय होता.

तो पुसला साओ पावलोने. 1991 ला ब्राझीलची लीग, 1992 आणि 1993 ला लागोपाठ कोपा लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा. टोकियोतल्या इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये (युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांमधली लढत) आधी प्रशिक्षक क्रायफच्या बार्सिलोनाला 2-1 (दोन्ही गोल साओ पावलोच्या राईचे), पुढच्या वर्षी मिलानला 3-2 हरवलं. पुढे ब्राझीलचा कर्णधार झालेला काफू तरुणपणी याच संघात घडला.

1996 मध्ये आजारपणामुळे त्यांना प्रशिक्षकपद सोडावं लागलं. 2006 मध्ये ते गेले.